काळ्या रंगाचे दोन हात

फटफटी आमच्या घरी आली तेव्हा माझं लग्न होऊन सोलापुरात तीन वर्षं झाली होती, आणि त्यातली अडीच वर्षं मी माहेराचं तोंड पाहिलं नव्हतं. माहेर काही लांब नव्हतं. कुर्डुवाडी. सकाळच्या गाडीत बसलं तर दुपारच्या जेवणाला आईच्या पुढ्यात. सात रस्त्याच्या मागं आमचं भाड्याचं घर होतं, तिथं वारा त्या बाजूचा असला की आगगाडीची शिट्टी ऐकू यायची. मी भाकरी थापत असले तर हात थांबायचा. सासूबाईंच्या ते लक्षात यायचं. त्या नुसतं चुलीतलं लाकूड पुढं सारायच्या.

घरात आम्ही चौघं. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची. थोरले दीर, ज्यांना सगळं घर दादा म्हणायचं. माझे यजमान, म्हणजे 'हे'. आणि मी. दादा सरकारी हायस्कुलात मास्तर होते. वहिनी माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. माढ्याकडच्या एका खेड्यातून, शेतातून उठून हा माणूस शिकला होता आणि धाकट्या भावाला शिकवून रस्त्यांवरचा ओव्हरसियर केला होता. घरात त्यांचा शब्द शेवटचा होता आणि तो त्यांनी कष्टानं मिळवला होता, हे मला तेव्हाही कळत होतं. त्यांचं धोतर, सदरा, उपरणं, सगळं पांढरं स्वच्छ. शाळेतली माणसं घरी आली की आत्याबाईंनी 'हाय', 'न्हाय' बोलू नये म्हणून ते त्यांना आत जायला सांगायचे.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, कुर्डुवाडीच्या रेल्वेच्या कारखान्यात जोडारी होते. इंजिनं उघडायची, दुरुस्त करायची, पुन्हा जोडायची हे त्यांचं काम. लग्नानंतर सहाएक महिन्यांनी ते मला न्यायला आले. पाळी संपवून तसेच गाडीत बसले असणार. कपडे धुतलेले होते, पण नखांतलं काळं कधीच जात नसे, ते तसंच होतं. बाहेरच्या खोलीत दादांकडं शाळेतले तिघं-चौघं बसले होते. आबा दारात उभे राहिले. कुणीतरी विचारलं, "हे कोण?" दादा म्हणाले, "आमच्या गावाकडचे आहेत. ओळखीचे."

मी आतल्या दाराआड पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. ते मी ऐकलं आणि आबांनीही ऐकलं. ते म्हणाले, "व्हय, गावाकडचाच हाय मी. हिकडनं चाललो व्हतो, म्हटलं बगून जावं." आणि वळून गेले. पाणीही प्यायले नाहीत.

त्या रात्री दादा आत्याबाईंना म्हणाले, "न सांगता उठून गेले. चार लोकांत आमचा अपमान केला. आता ते स्वतः येऊन रीतसर बोलेपर्यंत सुनेला पाठवायचं नाही." आबा पुन्हा येणार नव्हते, आणि दादा पाठवणार नव्हते. ह्या दोघांच्या मध्ये मी बसले होते. यजमानांना म्हटलं तर ते म्हणायचे, "दादांचा राग जरा शांत होऊ दे." ते दर वेळी हेच म्हणायचे.

मग फटफटी आली. एका गिरणीतला साहेब विलायतेला परत चालला होता, त्याची ती जुनी गाडी. लोकल बोर्डाच्या रस्त्यांवर खडी पडली की नाही हे बघायला ह्यांना लांबलांब जावं लागे, म्हणून घेतली. आमच्या घराच्या डाव्या अंगाला पुढच्या फाटकापासून मागच्या दारापर्यंत एक अरुंद बोळ होता. स्वयंपाकघर त्या बोळात उघडायचं, न्हाणीही तिथंच होती. ह्यांनी फटफटी बोळात मागच्या दाराजवळ लावायला सुरुवात केली.

ते मागचं दार म्हणजे माझं एवढंच काय ते बाहेर जाणं होतं. पुढं दादा बसायचे, त्यामुळं पुढून बायका जायच्या नाहीत. मागच्या गल्लीत नळ होता. सकाळी आणि दुपारी तिथं घागर घेऊन जायचं, पाणी भरेपर्यंत उभं राहायचं. शेजारी विणकरांची घरं होती, तेलुगू बोलणारी. त्यांतली एक बाई माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. मी तिला अक्का म्हणायची, ती मलाही अक्काच म्हणायची. दिवसभर तिच्या घरातून मागाचा खटखट आवाज यायचा. मराठी तिला मोडकं यायचं, मला तेलुगू मुळीच नाही, आणि त्यामुळंच आम्ही फार हसायचो.

एका दुपारी मी भरलेली घागर कमरेवर घेऊन बोळातून आत येत होते. हे नुकतेच दौऱ्यावरून आले होते. फटफटीच्या डाव्या बाजूनं धुराची लांब नळी मागंपर्यंत गेलेली होती आणि ती तापलेली होती. अंग चोरून जाताना माझी पोटरी तिला टेकली. चर्र झालं. घागर सुटली. लुगड्याचा काठ जळून त्याला भोक पडलं आणि पोटरीवर तळहाताएवढा चट्टा उठला.

आत्याबाईंनी कोरफडीचा गर लावला आणि म्हणाल्या, "दादाला सांगू नगंस." पण मी लंगडत होते, ते दिसायचंच. दादांनी विचारलं, आत्याबाईंनी सांगितलं. दादा शांतपणे म्हणाले, "बोळात बायकांनी जायचं कारणच काय? उद्यापासून पाणक्या पुढून पाणी घालेल. मागचं दार बंद."

दुसऱ्या दिवशी त्या दाराला वरची कडी लागली आणि तिच्यात कुलूप पडलं. किल्ली दादांच्या जानव्याला.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत, कारण आठवण्यासारखं त्यांत काही नव्हतं. स्वयंपाकघर, न्हाणी, बोळ. बोळाच्या टोकाला कुलूप आणि त्याच्या अलीकडं ती फटफटी. दाराच्या फळ्यांत एक फट होती, तिथून नळावरच्या बायकांचे पाय दिसायचे. मी फटीशी बसून भांडी घासायची. कधी अक्का पलीकडून हळूच म्हणायची, "अक्का, बागुन्नावा?" बरी आहेस ना, असा त्याचा अर्थ, एवढं मला आता कळत होतं. मी म्हणायची, बरी आहे.

ह्यांनाही त्या नळीचा त्रास होताच. तिचा मूळचा रंग उडून तांबेरा चढला होता, आणि दोनदा त्यांच्या पायाला गुंडाळलेल्या पट्टीवरूनही चटका बसला होता. एका रविवारी त्यांनी दुकानातून काळा रंग आणला आणि नळीला लावला. सुंदर दिसली. सोमवारी सात रस्त्यापर्यंत गेले नसतील तोच रंगाला फोड आले, धूर निघाला आणि घाण वास सुटला. पुढच्या रविवारी त्यांनी रस्त्याच्या कामावरचं डांबर आणलं. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. आधी गप्प राहायचं ठरवलं होतं, पण राहवलं नाही.

"डांबर नका लावू. ते पेटेल."

"मग काय लावू? शेणानं सारवू?" ते वैतागून म्हणाले.

"काळं शिसं आणि उकळलेलं जवसाचं तेल. आबा इंजिनाच्या तोंडाकडच्या धुराच्या पेटीला तेच लावतात. ती तर लाल व्हायची बाकी राहते, तरी रंग सुटत नाही."

त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि डांबर लावलं. दुसऱ्या दिवशी मोहोळच्या रस्त्यावर धुराचे असे लोट उठले म्हणे, की शेतातली माणसं घागरी घेऊन धावली. संध्याकाळी घरी आले ते डोळे लाल करून. हातपाय धुतले, आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "काळं शिसं म्हणजे पेन्सिलीतलं?"

"तेच. त्याची पूड मिळते."

पूड त्यांनी गिरणीतल्या एका ओळखीच्या माणसाकडून आणली. तेलाचं काय करायचं? दादांच्या नकळत करायचं होतं, कारण असलं काम घरातली सून करते हे त्यांना चाललं नसतं. मी दाराच्या फटीतून अक्काला सांगितलं. जवस कसं सांगावं कळेना. शेवटी निळी फुलं, बारीक चकचकीत दाणे, असं हातवारे करून सांगितलं, तेही फटीतून, जिथून तिला माझी दोनच बोटं दिसत असतील. तरी तिला कळलं. "नूने?" ती म्हणाली. नूने म्हणजे तेल. दुसऱ्या दिवशी भिंतीवरून सुतळीला बांधलेली बाटली खाली आली.

दादा शाळेत गेले की पाच वाजेपर्यंत येत नसत. चार दुपारी लागल्या. ह्यांनी दौरे जवळचे ठेवले. सकाळी नळी काढून द्यायचे आणि सायकलीवरून कामाला जायचे.

पहिली दुपार नुसती घासण्यात गेली. डांबर खरवडून काढलं, मग विटेची पूड आणि वाळू घेऊन तांबेरा घासला, इतका की खालचं लोखंड पांढरं दिसायला लागलं. सोड्यानं धुतली, फडक्यानं पुसली, उन्हात ठेवली. नंतर तिला हात लावायचा नाही, बोटाचं तेल लागलं तरी तिथं रंग धरत नाही. हे मला कुणी शिकवलं असं नाही. लहानपणी आबांचा डबा घेऊन कारखान्याच्या फाटकाशी जायची, तिथून बघितलेलं. घरी शेगडीला लावताना आबा मला फडकं द्यायचे आणि म्हणायचे, "पातळ, बाय, पातळ. दिसंल न दिसंल असा हात."

दुसऱ्या दुपारी शेगडीच्या मंद आचेवर तेल तापवलं. भडका उडेल म्हणून आत्याबाई ओल्या पोत्याचा तुकडा हातात घेऊन शेजारी बसल्या. तेल दोन बोटांत धरल्यावर त्याची तार सुटली तेव्हा उतरवलं, गार झाल्यावर शिशाची पूड मळली. जुन्या लुगड्याच्या बोळ्यानं नळीवर फिरवली. मग न्हाणीच्या चुलीत गोवऱ्यांची धग करून नळी वर आडवी धरली आणि हळूहळू फिरवत राहिले. नवा तवा तेल लावून मुरवतात ना, तसंच ते. आधी धूर येतो, मग येईनासा होतो, मग चकाकी जाते आणि गर्द काळा रंग बसतो. न्हाणीला खिडकी नव्हती. धुरानं डोळ्यांतून पाणी येत होतं, पण त्या तासाभरात मी कुठं आहे हे मी विसरले होते. अडीच वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

तिसऱ्या दुपारी दुसरा हात दिला. चौथ्या दुपारी पायाला नळी लागू नये म्हणून वरून बसवायचा पत्रा केला. घासलेटचा डबा कापून, वरवंट्यावर ठोकून त्याला नळीवर बसेल अशी गोलाई दिली, खिळ्यानं भोकं पाडली, आणि पत्रा नळीला टेकू नये म्हणून मध्ये लोखंडी नटांचे टेकू ठेवले. मधून वारा गेला पाहिजे, नाहीतर पत्राही तेवढाच तापतो. त्यालाही काळा रंग दिला. ह्यांच्या पायाला लागला असता त्याच्या दुप्पट लांब केला, थेट मागच्या लोखंडी बैठकीपर्यंत.

"एवढा लांब कशाला?" ह्यांनी विचारलं.

"डबा उरला होता," मी म्हणाले.

त्या संध्याकाळी मी दादांना वाढत होते. मी नेहमी चेहऱ्यावर पदर ओढून, खाली बघून वाढायची. भाकरी ताटात ठेवली आणि हात मागं घ्यायच्या आत दादांची नजर नखांवर गेली. चिंचेनं घासून घासून बोटं सोलली होती, तरी नखांत काळं होतंच. दादांनी ताट पुढं सरकवलं.

"आई, हिच्या हातांना काय झालं?"

ह्यांनी घास घेतला तो तोंडातच राहिला.

"मी विचारतोय."

"फटफटीच्या नळीला रंग दिला तिनं," आत्याबाई म्हणाल्या. "तेच्यात काय एवढं?"

"कारखाना मागं ठेवून यायला सांगितलं होतं," दादा म्हणाले. आवाज चढवला नाही. "तो घरात आला. उद्यापासून मला तुम्ही वाढा." आणि ते उठले. ताटातली भाकरी तशीच राहिली. मी ह्यांच्याकडं बघितलं. ते भाताकडं बघत होते.

रंग मात्र बसला. मोहोळला जाऊन आले, टेंभुर्णीला जाऊन आले, एक फोड नाही, एक पापुद्रा नाही. पत्र्याला हात लावला तर कोमट. हे खूश झाले. बोर्डाच्या कचेरीतल्या एकानं घरी येऊन गाडी पाहिली, म्हणाला, "उत्तम काम झालंय. कुणी केलं?" मी न्हाणीत होते. हे म्हणाले, "गिरणीतल्या एका फिटरकडून करून घेतलं."

तरी मी धीर धरून आत्याबाईंना म्हटलं, "आता नळी भाजत नाही. दादांना सांगून दार उघडायला लावा ना. नळावर जाईन."

आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. बराच वेळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "पोरी, दार भाजतंय म्हनून बंद केलं न्हाय. तू नळावर हसतीस, त्ये पुढच्या खोलीत ऐकू येतं. तेला त्ये आवडत न्हाय. भाजायचं नुसतं निमित्त झालं."

मी दुपारभर फटीशी बसून राहिले. त्या दिवशी अक्काला उत्तरही दिलं नाही. मी अडचण समजून जिच्यावर चार दुपारी घालवल्या, ती अडचण नव्हतीच. आणि खऱ्या अडचणीला कुठला रंग लावायचा हे मला ठाऊक नव्हतं.

पुढच्या महिन्यात दादा पेपर तपासायला म्हणून पुण्याला गेले, आठवडाभरासाठी. तिसऱ्या दिवशी सकाळी हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "चल," म्हणाले. "कुर्डुवाडीला. दुपारपर्यंत पोचू, उद्या संध्याकाळी परत."

मला वाटलं चेष्टा करतात. आत्याबाईंनी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मी देवळात जातीय," त्या म्हणाल्या. "मला यायला लई उशीर हुईल. घरात काय चाललंय मला ठावं न्हाय." आणि चपला घालून खरंच गेल्या.

मी पदर घट्ट खोचला, एका फडक्यात एक लुगडं आणि आईसाठी शेंगाची चटणी बांधली, आणि मागच्या बैठकीवर एका अंगानं बसले. पाय पत्र्याच्या बाजूला. गाव मागं पडेपर्यंत मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा दोन्हीकडं ज्वारीची रानं होती आणि त्यांच्यावर एवढं मोठं आभाळ, की मला घेरीच आली. तीन वर्षांत मी आभाळ बोळाएवढंच बघितलं होतं. मी ह्यांच्या कोटाला धरून ओरडले, "जरा जोरात!" ते हसले. लग्नानंतर त्यांना तसं हसताना मी तेव्हाच पाहिलं.

मोडनिंबला रस्त्याकडेच्या एका झाडाखाली थांबलो. समोर चहाचं दुकान होतं. हे चहा आणायला गेले. मी झाडाशी उभी होते, कुर्डुवाडी आता अगदी जवळ आली होती, आई काय म्हणेल ह्याचा विचार करत. तेवढ्यात ह्यांच्या पाठोपाठ दुकानातून एक गृहस्थ बाहेर आले. काळा कोट, पगडी.

"अरे, तुम्ही आमच्या मास्तरांचे बंधू ना? मी त्यांच्याच शाळेत असतो."

हे उभ्याउभ्या पांढरे पडले. "हो. हो. कामावर आलो होतो."

त्या गृहस्थांनी माझ्याकडं बघितलं. मी पदर ओढून घेतला. "आणि ह्या?"

"ह्या... आमच्या मुकादमाच्या घरच्या," हे म्हणाले. "आजारी आहेत. स्टेशनवर सोडायला चाललोय."

"बरं बरं," ते म्हणाले, आणि थोडा वेळ रस्त्याच्या कामाबद्दल बोलत उभे राहिले. हे प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. ते गृहस्थ गेले. मी वाट बघत होते की आता हे काहीतरी बोलतील. त्यांनी फटफटी सुरू केली आणि तिचं तोंड सोलापूरकडं वळवलं.

"तो दादांना सांगेल," म्हणाले. "आज नको. पुन्हा कधीतरी."

मी बसले. दुसरं काय करणार होते? चालत जाता आलं असतं का, हा विचार नंतर कितीतरी वेळा केला. त्या वेळी सुचला नाही. परतीच्या वाटेवर माझा पाय त्या पत्र्याला लागत होता आणि भाजत नव्हता. घरी आलो तेव्हा आत्याबाई अजून देवळातच होत्या. त्या आल्या, मला चुलीपुढं बघितलं, आणि काही न विचारता पीठ मळायला घेतलं.

ह्यांच्या मनाला ते लागलं असावं. पंधरा दिवसांनी ते तिकडच्या कामावर गेले आणि आल्यावर माझ्यापुढं येऊन बसले, जे ते दिवसा कधी करत नसत.

"कुर्डुवाडीला गेलो होतो," म्हणाले. "आबांना भेटलो."

मी भाजी चिरत राहिले.

"आबा माझ्याशी बोललेच नाहीत आधी. गाडीपाशी बसले. नळीवरून अंगठा फिरवला. म्हणाले, 'ह्ये कुनी केलं?' मी म्हटलं, तिनं. मग म्हणाले, 'दुसरा हात जाड बसलाय. घाई झाली असंल तिला.' मग म्हणाले, 'पत्रा मागपर्यंत हाय. मागं बसनाऱ्यासाठी केलाय तिनं. मग तिला बसवून का न्हाय आणली तुमी?'"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"मोडनिंबचं सगळं सांगितलं."

विळीवर माझा हात थांबला. "मग?"

"ऐकून घेतलं. मला जेवायला वाढलं. निघताना म्हणाले, 'मला त्या घरात ओळखीचा म्हनले. तिला तर तुमी तेवढंबी ठेवलं न्हाय.'"

एवढं सांगून हे रडायला लागले. मी त्यांना रडू दिलं. उठून पाणी दिलं नाही, हे मला स्पष्ट आठवतं.

ह्यापुढं काहीतरी धाडसाचं घडलं असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. घडलं ते एवढंच, की त्या उन्हाळ्यात दादांची बदली विजापूरला झाली. हुकूम आला, आठ दिवसांत जायचं. एकट्या माणसाचं जेवणाखाण्याचं कोण बघणार, म्हणून त्यांनी आत्याबाईंना बरोबर न्यायचं ठरवलं. आत्याबाईंना कुणी विचारलं नाही. जायच्या आदल्या दिवशी त्या डाळीचा डबा पुसत बसल्या होत्या, तोच तोच डबा. म्हणाल्या, "तितं सगळी कानडी बोलत्यात म्हनं. मी कुनाशी बोलू?" मी त्यांच्या पाया पडले तेव्हा त्यांनी माझे दोन्ही हात धरून ठेवले. दादांनी बाहेरून हाक मारली, तरी सोडले नाहीत.

निघताना दादांनी जानव्यातली किल्ली सोडून ह्यांच्या हातात दिली. माझ्याशी ते बोलले नाहीत. टांगा गेल्यावर हे बोळात गेले, कुलूप काढलं, आणि दार उघडून तसेच परत आले.

दुसऱ्या दिवशी मी कुर्डुवाडीला गेले, आगगाडीनं, एकटी. हे सोडायला येतो म्हणाले, मी नको म्हटलं. आठ दिवस राहिले. पहिले दोन दिवस नुसती झोपले. आईला वाटलं आजारीच आहे. आबांनी काही विचारलं नाही. रोज कामावरून आले की माझ्याजवळ बसायचे आणि इंजिनांच्या गोष्टी सांगायचे, मी दहा वर्षांची असताना सांगायचे तशा. पाचव्या दिवशी मात्र मला बेचैन व्हायला लागलं. आई म्हणाली, "सासरची आठवण येतीय व्हय?" आठवण नव्हती. कुणी अडवत नाही, कुणी बोलवत नाही, आणि तरी जायचं ठिकाण तेच एक आहे, ह्याची ती बेचैनी होती. आईला ते सांगता आलं नाही.

ह्यांच्याबरोबर मी पुढं पस्तीस वर्षं संसार केला. माणूस वाईट नव्हता. माझ्या मुलींना त्यांनी शाळेत घातलं, बाहेर फिरू दिलं, कुणापुढं त्यांची ओळख लपवली नाही. फटफटी दोन वर्षांनी विकली. म्हातारपणी एकदा जेवता जेवता ते म्हणाले, "मोडनिंबला त्या दिवशी मी जर..." मी म्हटलं, "आमटी गार होतेय." त्यांनी मान खाली घातली आणि जेवले. त्यांना बोलू द्यायला हवं होतं, असं आता वाटतं. त्या वेळी मला ते ऐकायचं नव्हतं.